‘हॅव’ वापरताना होणाऱ्या चुका आणि त्या टाळण्याचा क्रम

इंग्रजी बऱ्यापैकी येणारी माणसंही ‘हॅव’ या एका क्रियापदावर घसरतात. बँकेत ‘आर यू हॅविंग आधार कार्ड?’ असं विचारलं जातं, ऑफिसच्या मेलमध्ये ‘आय हॅड सेंट द फाइल यस्टर्डे’ असं लिहिलं जातं आणि मुलाखतीत ‘आय ॲम हॅविंग फोर इयर्स एक्सपिरियन्स’ ऐकू येतं. समोरचाही मुंबईचाच असेल तर निभावून जातं. क्लायंट लंडनचा किंवा सिंगापूरचा असला की तीच वाक्यं खटकतात, क्वचित वेगळाच अर्थ देऊन जातात.

मूळ अडचण मराठीत आहे. ‘मला दोन बहिणी आहेत’, ‘माझ्याकडे पास आहे’, ‘खोलीला खिडकी आहे’ या तिन्ही वाक्यांत आपण ‘आहे’वर भागवतो आणि फक्त प्रत्यय बदलतो. इंग्रजीत तिन्हीकडे ‘हॅव’ लागतं. उलट ‘मला भूक लागली आहे’ या वाक्यात ‘मला’ही आहे आणि ‘आहे’ही आहे, पण तिथे ‘हॅव’ चालत नाही. त्यामुळे इंग्रजी नियम पाठ करून फारसं साधत नाही. आपलं मराठी वाक्य काय सांगतंय हे आधी ओळखायचं, मग इंग्रजीकडे जायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. क्रम मोडला की चूक होते, म्हणून एकही टप्पा गाळू नका.

तयारी

एक वही घ्या. रोजच्या कामात तुम्हाला इंग्रजीत बोलावी लागतात अशी दहा-पंधरा वाक्यं आधी मराठीत लिहा. पुस्तकातली घेऊ नका. ‘माझ्याकडे सुटे नाहीत’, ‘मेगाब्लॉक आहे म्हणून उशीर होईल’, ‘साहेब पुण्याला गेलेत’ अशी, तुमच्या तोंडची हवीत. प्रत्येक वाक्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडा.

मग रूपं बघा. आय, यू, वी, दे यांच्याबरोबर ‘हॅव’. ही, शी, इट आणि कुठल्याही एका माणसाच्या किंवा वस्तूच्या नावाबरोबर ‘हॅज’. भूतकाळात सगळ्यांना ‘हॅड’. तिसरं रूपही (‘गो, वेंट, गॉन’ यांत ‘गॉन’ असतं तसं) ‘हॅड’च.

लिहिण्याची एक सोयही ठरवून घेऊ. दोन या आकड्यासाठी ‘टू’ आणि क्रियापदाआधी येणाऱ्या शब्दासाठी ऱ्हस्व ‘टु’ असं मी लिहितो. ‘आय हॅव टू ब्रदर्स’ म्हणजे मला दोन भाऊ आहेत. ‘आय हॅव टु गो’ म्हणजे मला जावं लागेल. बोलतानाही यांत फरक आहे, तो शेवटच्या टप्प्यात येईल.

टप्पा १: मराठी वाक्य कुठल्या गटातलं आहे ते ठरवा

वहीतल्या प्रत्येक वाक्यापुढे खालच्यापैकी एक अक्षर लिहा.

क: जवळ असणं, नातं, भाग किंवा आजार. माझ्याकडे पास आहे, तिला भाऊ आहे, घराला गॅलरी आहे, बाळाला ताप आहे.
ख: खाणं, पिणं किंवा एखादी कृती. चहा घेतोय, मीटिंग चालू आहे.
ग: करावं लागणं. मला थांबावं लागलं.
घ: काम झालेलं असणं. मी फॉर्म भरलाय.
च: दुसऱ्याकडून करून घेणं. फोन दुरुस्त करून घेतला.

वाक्य यांतल्या कशातच बसत नसेल तर त्यापुढे फुली मारा, तिथे बहुधा ‘हॅव’ लागत नाही. ‘मला भूक लागली आहे’ म्हणजे ‘आय ॲम हंग्री’, ‘मला घाई आहे’ म्हणजे ‘आय ॲम इन अ हरी’, ‘मला माहीत आहे’ म्हणजे ‘आय नो’. वय सांगतानाही ‘आय ॲम ट्वेंटी फाइव्ह’. सर्दी आणि थंडी या जोडीकडे नीट लक्ष द्या: ‘मला सर्दी झाली आहे’ हे ‘आय हॅव अ कोल्ड’, तर ‘मला थंडी वाजतेय’ हे ‘आय ॲम कोल्ड’. शब्द तोच, पण पहिला आजार आणि दुसरी जाणीव.

‘कुठे’ला उत्तर देणारा ‘आहे’सुद्धा वेगळा काढा. ‘डब्यात जागा आहे का?’ याचं ‘इज देअर एनी स्पेस?’ होतं. पण गाडीचाच भाग सांगायचा असेल तर ‘हॅज’ येतं: ‘धिस ट्रेन हॅज फिफ्टीन कोचेस.’

*तपासा:* प्रत्येक वाक्यापुढे अक्षर किंवा फुली आली का? एखाद्या वाक्यापुढे दोन अक्षरं येत असतील तर ते वाक्य मोडून दोन करा.

टप्पा २: ‘हॅविंग’ला परवानगी आहे का ते बघा

क गटात ‘हॅविंग’ येत नाही. आपल्याकडे सर्वांत जास्त होणारी चूक हीच. ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’, ‘वी आर हॅविंग थ्री ब्रँचेस’, ‘शी इज हॅविंग फीव्हर’ ही तिन्ही वाक्यं दुरुस्त करा: ‘आय हॅव टू सिस्टर्स’, ‘वी हॅव थ्री ब्रँचेस’, ‘शी हॅज अ फीव्हर’. भाऊ-बहीण असणं ही काही आत्ता चालू असलेली कृती नाही. आपल्याला ‘आत्ता आहे’ हे ठासून सांगावंसं वाटतं आणि म्हणून ‘ॲम’ आणि ‘इंग’ जोडले जातात.

ख गटात मात्र ‘हॅविंग’ बिनधास्त वापरा. ‘वी आर हॅविंग लंच’, ‘दे आर हॅविंग अ मीटिंग’, ‘आय ॲम हॅविंग ट्रबल विथ द लॉगिन’ हे सगळं बरोबर आहे, कारण इथे काहीतरी घडतंय.

पटकन ठरवायचं असेल तर मराठीत ‘चालू आहे’ घालून बघा. ‘जेवण चालू आहे’ कानाला बरोबर लागतं, तिथे ‘हॅविंग’ चालेल. ‘मला दोन बहिणी चालू आहेत’ असं कोणी म्हणत नाही, तिथे चालणार नाही.

*सावध:* ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला बाळ आहे असं नव्हे, तर तिला बाळ होणार आहे किंवा आत्ता होतंय. प्रसूती होऊन गेलेल्या सहकारी बाईंबद्दल हे वाक्य लिहिलंत तर ऑफिसभर गोंधळ होईल.

टप्पा ३: काळाचा शब्द शोधा

हा टप्पा घ गटासाठी आहे. इथे घाई करू नका, कारण मराठी सवय सर्वांत खोलवर इथेच रुतलेली आहे.

वाक्यातला वेळ दाखवणारा शब्द अधोरेखित करा. काल, परवा, गेल्या महिन्यात, २०१८ मध्ये, दोन दिवसांपूर्वी यांपैकी काही असेल तर ती वेळ संपलेली आहे. संपलेल्या वेळेबरोबर ‘हॅव’ जोडायचं नाही, साधा भूतकाळ वापरायचा. मराठीत ‘मी कालच फॉर्म भरलाय’ अगदी नैसर्गिक आहे, पण ‘आय हॅव फिल्ड द फॉर्म यस्टर्डे’ चुकतं. ‘आय फिल्ड द फॉर्म यस्टर्डे’ म्हणा. वेळ सांगायचीच नसेल आणि फक्त काम झालंय एवढंच कळवायचं असेल, तर ‘आय हॅव फिल्ड द फॉर्म’ उत्तम.

आता ‘हॅड’. आपण बोलताना सहज ‘मी काल बाजारात गेलो होतो’, ‘मी तुम्हाला मेल पाठवला होता’ म्हणतो. मराठीत हा ‘होता’ नुसता भूतकाळ सांगण्यासाठीही चालतो. इंग्रजीत ‘हॅड’ आणि तिसरं रूप एकत्र आले की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट बघतो. ‘आय हॅड सेंट यू द मेल’ म्हटलं की त्याच्या मनात येतं, बरं, पाठवला होता, मग पुढे काय झालं? तुम्हाला पुढे काहीच सांगायचं नसतं. म्हणून ‘आय सेंट यू द मेल यस्टर्डे’ पुरेसं आहे.

‘हॅड’ला जागा मिळते ती भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीच्या घटनेत. ‘मी स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ याचं ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ होतं. गाडी आधी सुटली, आपण नंतर पोहोचलो. मराठी वाक्यात ‘होता’, ‘होती’, ‘होतं’ दिसलं की विचारा: याच्यानंतरची दुसरी घटना याच वाक्यात किंवा शेजारी आहे का? नसेल तर ‘हॅड’ काढून टाका. मेल लिहिणाऱ्यांनी एवढी एक सवय लावून घेतली तर त्यांचं इंग्रजी ताबडतोब सुधारतं. मी शिकवताना सर्वांत जास्त वेळ इथेच देतो.

मराठी वाक्यात ‘पासून’ असेल तर वेगळी रचना लागते. ‘मी दोन वर्षांपासून इथे काम करतोय’ याचं ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ असं सर्रास करतात, त्यात दोन चुका आहेत. काम आधी सुरू झालं आणि अजून चालू आहे, म्हणून ‘हॅव बीन वर्किंग’ हवं. कालावधीची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचा बिंदू सांगायचा असेल तर ‘सिन्स’. म्हणून ‘फॉर टू इयर्स’, पण ‘सिन्स २०२२’.

आणखी एक जोडी रिसेप्शनवर बसणाऱ्यांसाठी. ‘साहेब पुण्याला गेलेत’ म्हणजे ‘ही हॅज गॉन टु पुणे’, ते अजून तिकडेच आहेत. ‘साहेब पुण्याला जाऊन आलेत’ म्हणजे ‘ही हॅज बीन टु पुणे’, ते परत आलेत. मराठीत हा फरक आपण कधीच चुकवत नाही, इंग्रजीत मात्र ‘बीन’ आणि ‘गॉन’ची अदलाबदल करतो आणि फोनवरचा माणूस साहेबांना जोडून द्यायला सांगतो.

*लक्षात असू द्या:* अमेरिकी लोक ‘ऑलरेडी’, ‘जस्ट’, ‘येट’ यांच्याबरोबरही साधा भूतकाळ वापरतात. कॉल सेंटरमध्ये ‘डिड यू ईट येट?’ ऐकलंत तर ते त्यांच्या बोलीत बरोबर आहे. ब्रिटिश वळणात तिथे ‘हॅव यू ईटन येट?’ येतं.

टप्पा ४: ‘करावं लागतं’ नीट तोलून घ्या

ग गटात ‘हॅव टु’ आणि क्रियापदाचं पहिलं रूप येतं. ‘मला उशिरापर्यंत थांबावं लागलं’ म्हणजे ‘आय हॅड टु स्टे लेट’. उद्याचं असेल तर ‘आय विल हॅव टु स्टे लेट’.

मराठीतलं ‘मला जायचंय’ फसवं आहे. ‘मला गोव्याला जायचंय’ यात इच्छा आहे, तिथे ‘वाँट टु’. ‘मला बँकेत जायचंय’ यात काम आहे, तिथे ‘हॅव टु’. आधी स्वतःलाच विचारा, हौस की गरज?

नकारात तर अर्थच पालटतो. ‘डोन्ट हॅव टु’ म्हणजे गरज नाही, केलंत तरी हरकत नाही. करता कामा नये असं सांगायचं असेल तर ‘मस्ट नॉट’. सोसायटीच्या फलकावर ‘व्हिजिटर्स डोन्ट हॅव टु पार्क हिअर’ असं लिहिलं तर पाहुण्यांना गाडी लावायची मोकळीकच मिळते. तिथे ‘व्हिजिटर्स मस्ट नॉट पार्क हिअर’ हवं.

टप्पा ५: करून घेतलेल्या कामात शब्दांची जागा सांभाळा

च गटात आधी ‘हॅव’ किंवा ‘हॅड’, मग वस्तू, मग तिसरं रूप. ‘मी फोन दुरुस्त करून घेतला’ म्हणजे ‘आय हॅड माय फोन रिपेअर्ड’. हेच शब्द जागा बदलून ‘आय हॅड रिपेअर्ड माय फोन’ केले, तर अर्थ होतो की फोन मी स्वतःच दुरुस्त केला होता. केस कापून आल्यावर ‘आय कट माय हेअर’ म्हणू नका, ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणा, नाहीतर तुम्हीच कात्री चालवली असं वाटेल.

काम करणाऱ्या माणसाचं नाव घ्यायचं असेल तर तिसरं रूप नाही, पहिलं: ‘आय हॅड द प्लंबर फिक्स द टॅप.’ इथे ‘मेड’ वापरलं तर जबरदस्ती केल्यासारखं वाटतं.

नको असलेली घटनाही याच रचनेत सांगतात. ‘शी हॅड हर फोन स्टोलन ऑन द ट्रेन’ म्हणजे गाडीत तिचा फोन चोरीला गेला. तिने चोरायला लावला, असा अर्थ कोणी काढत नाही.

टप्पा ६: प्रश्न आणि नकार

विधान बरोबर जमल्याशिवाय प्रश्नाकडे वळू नका. घ गट आणि ‘हॅविंग’ची वाक्यं सोडून बाकी सगळ्यांना ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ची मदत लागते: ‘डू यू हॅव अ पास?’, ‘डझ शी हॅव अ ब्रदर?’, ‘डिड यू हॅव टु वेट?’ घ गटात ‘हॅव’ स्वतःच पुढे येतं: ‘हॅव यू फिल्ड द फॉर्म?’

एकदा ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ आलं की मागे फक्त ‘हॅव’ राहतं. ‘डझन्ट हॅज’ आणि ‘डिडन्ट हॅड’ ही जोडपी कायमची बंद करा. ‘विल’, ‘कॅन’, ‘शुड’ यांच्यामागेही ‘हॅव’च, कर्ता ‘शी’ असला तरी: ‘शी शुड हॅव अ कॉपी.’

जेवणाचा प्रश्न दिवसातून दोनदा विचारला जातो, म्हणून तो वेगळा पाठ करा: ‘हॅव यू हॅड लंच?’ किंवा ‘डिड यू हॅव लंच?’ यातलं ‘हॅव यू हॅड’ ऐकायला विचित्र वाटलं तरी बरोबर आहे. पहिलं ‘हॅव’ काम झाल्याचं सांगतं, दुसरं ‘हॅड’ जेवल्याचं. ‘डिड यू हॅड लंच?’ मात्र चूक.

टप्पा ७: पूर्ण परिच्छेदावर सगळं एकदम चालवून बघा

हिशेबनिसाच्या जागेसाठी मुलाखतीला निघालेल्या मुलीने स्वतःची ओळख अशी लिहिली आहे असं समजा:

‘आय ॲम हॅविंग फोर इयर्स एक्सपिरियन्स इन अकाउंट्स. आय हॅड कम्प्लीटेड माय बीकॉम इन २०१८. आय ॲम वर्किंग इन लोअर परेल सिन्स टू इयर्स. आय हॅव लर्न्ट टॅली लास्ट इयर. माय ओल्ड ऑफिस डिड नॉट हॅड फिक्स्ड अवर्स, सो आय हॅव टु स्टे लेट.’

पहिलं वाक्य क गटातलं, म्हणून ‘हॅविंग’ जाईल. दुसऱ्यात २०१८ आहे आणि नंतरची दुसरी घटना नाही, म्हणून ‘हॅड’ जाईल. तिसऱ्यात ‘पासून’चा अर्थ आहे, म्हणून ‘हॅव बीन’ आणि ‘फॉर’. चौथ्यात ‘लास्ट इयर’, वेळ संपली, ‘हॅव’ नको. पाचव्यात ‘डिड’च्या मागे ‘हॅव’ हवं, आणि जुन्या ऑफिसची गोष्ट असल्यामुळे ‘हॅड टु’:

‘आय हॅव फोर इयर्स ऑफ एक्सपिरियन्स इन अकाउंट्स. आय कम्प्लीटेड माय बीकॉम इन २०१८. आय हॅव बीन वर्किंग इन लोअर परेल फॉर टू इयर्स. आय लर्न्ट टॅली लास्ट इयर. माय ओल्ड ऑफिस डिड नॉट हॅव फिक्स्ड अवर्स, सो आय हॅड टु स्टे लेट.’

दोन ठिकाणी मदतीचं क्रियापद काढल्यावर वाक्य सुधारलं, हे बघून ठेवा. इंग्रजी भारदस्त वाटावं म्हणून जास्तीचे ‘हॅव’ आणि ‘हॅड’ टाकले जातात. मुलाखत घेणाऱ्याला साधं आणि बरोबर वाक्य जास्त भावतं. आता तुमच्या वहीतली वाक्यं याच पद्धतीने एकेक करून तपासा.

काही ठरीव वापर

‘हॅव अ वर्ड विथ हिम’ म्हणजे त्याच्याशी जरा बोला. ‘हॅव वर्ड्स विथ हिम’ म्हणजे त्याच्याशी भांडण. एका ‘एस’ने वरिष्ठांना भलताच निरोप जाऊ शकतो.

‘आय हॅव अ डाउट’ आपल्याकडे शंका विचारण्यासाठी वापरतात. भारताबाहेरच्या माणसाला ते तुमचा त्याच्यावर विश्वास नसल्यासारखं वाटू शकतं. त्याच्यासमोर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा.

‘यू हॅड बेटर’ सल्ल्यासारखं दिसतं, पण त्यात ‘नाहीतर बघा’ असा इशारा असतो. मुलाला म्हणा, साहेबांना नको. आणि ‘शुड हॅव’, ‘कुड हॅव’ यांच्यामागे दुसरं क्रियापद आलं तर त्याचं नेहमी तिसरं रूप येतं: ‘शुड हॅव गॉन’. ‘शुड हॅव वेंट’ चूक.

टप्पा ८: मोठ्याने वाचा

वहीतली दुरुस्त वाक्यं तोंडाने म्हणा. ‘टु’च्या आधीचा ‘हॅव’ बोलताना ‘हॅफ’कडे झुकतो, म्हणजे ‘आय हॅफ टु गो’. ‘हॅज टु’चं ‘हॅस टु’ होतं. दोन भावांच्या वाक्यात ‘व’ स्पष्ट राहतो आणि ‘टू’ लांब होतो. हा फरक कानात बसला की समोरच्याचं इंग्रजीही जास्त कळायला लागतं.

मग आखूड रूपं घ्या: ‘आय हॅव गॉन’चं ‘आयव्ह गॉन’, ‘ही हॅज गॉन’चं ‘हीज गॉन’. मात्र जवळ असण्याच्या अर्थाने हा आखूडपणा टाळा. ‘आयव्ह अ कार’ आता जुनाट वाटतं. ‘आय हॅव अ कार’ म्हणा, किंवा ब्रिटिश वळणाचं ‘आयव्ह गॉट अ कार’. ‘गॉट’ असताना प्रश्नाला ‘डू’ लागत नाही: ‘हॅव यू गॉट अ पास?’

फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये हेडफोन लावून ऐका. ऐकताना फक्त दोन गोष्टींवर कान ठेवा: ‘हॅविंग’ कुठे आलं आणि ‘हॅड’ कुठे आलं. जिथे आलं असेल तिथे त्या वाक्याचं वहीतलं अक्षर आणि वेळेचा अधोरेखित शब्द पुन्हा बघा, आणि तेवढंच वाक्य नव्याने रेकॉर्ड करा.